फोल्डरला पासवर्ड कसा लावायचा? विंडोज, मॅक आणि लिनक्स

घरात कॉम्प्युटर एकच आणि वापरणारे चारजण, त्यात आधार-पॅनचे स्कॅन, बँक स्टेटमेंट, मेडिकल रिपोर्ट सगळं एकाच डेस्कटॉपवर पडलेलं असतं, म्हणून निदान तेवढ्या एका फोल्डरला तरी पासवर्ड असावा असं वाटणं अगदी बरोबर आहे. पण विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून पासवर्ड टाकायची सोयच नाहीये. प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड मध्ये एन्क्रिप्टचा (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा डेटा करायचा) एक ऑप्शन दिसतो, पण तो होम एडिशनमध्ये चालत नाही आणि प्रो मध्येसुद्धा वेगळा पासवर्ड विचारत नाही, तुमच्या लॉगिनलाच जोडलेला असतो. म्हणजे तुम्ही लॉगिन चालू ठेवून चहाला गेलात की कोणीही बसून उघडू शकतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, ती नोटपॅडमध्ये कोड पेस्ट करून बॅट फाइल बनवायची ट्रिक सगळीकडे फिरते ना, ती करू नका. ती फोल्डर फक्त लपवते, आणि तुमचा पासवर्ड त्याच फाइलमध्ये साध्या अक्षरात लिहिलेला असतो, फाइलवर राइट क्लिक करून एडिट केलं की समोर. कुलूप लावून किल्ली शेजारच्याच खुंटीला अडकवल्यासारखं आहे ते.

विंडोजवर सोपा उपाय म्हणजे सेव्हन-झिप, फोल्डरची एकच बंद फाइल (आर्काइव्ह) बनवणारं सॉफ्टवेअर, फ्री आहे. इन्स्टॉल करा, फोल्डरवर राइट क्लिक (विंडोज ११ असेल तर आधी शो मोअर ऑप्शन्स), सेव्हन-झिप, ॲड टू आर्काइव्ह. फॉरमॅट सेव्हन-झेड ठेवा, उजवीकडे पासवर्ड दोनदा टाका आणि खालच्या एन्क्रिप्ट फाइल नेम्सवर टिक नक्की करा, नाहीतर आतल्या फाइल उघडणार नाहीत पण त्यांची नावं सगळ्यांना दिसतील, आणि कधी कधी नावातच सगळं कळतं. झिप फॉरमॅटच हवा असेल तर एन्क्रिप्शन मेथडमध्ये एईएस-२५६ निवडा, तिथलाच दुसरा पर्याय झिपक्रिप्टो कच्चा आहे. ओके केल्यावर लॉकवाली फाइल नवीन तयार होते, मूळ फोल्डर तिथेच उघडा असतो! आधी नवीन फाइल पासवर्ड टाकून उघडून बघा, मग मूळ फोल्डर शिफ्ट-डिलीट करा.

रोज उघडायचा फोल्डर असेल तर मात्र याचा कंटाळा येतो, त्याला व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर बरं, पासवर्डची एक तिजोरी-फाइल बनवतं, तिन्ही सिस्टिमवर चालतं आणि फ्री आहे. क्रिएट व्हॉल्यूम, मग एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर, मग स्टँडर्ड, जागा आणि साइज द्या, पासवर्ड द्या, फॉरमॅट करताना माउस इकडेतिकडे फिरवत राहायला सांगेल तो फिरवा. नंतर मेन विंडोत एखादं ड्राइव्ह लेटर निवडायचं, सिलेक्ट फाइलने ती फाइल घ्यायची, माउंट दाबायचं, पासवर्ड टाकला की पेनड्राइव्हसारखा नवीन ड्राइव्ह दिसतो, त्यात तुमच्या फाइल ठेवायच्या. काम झालं की डिसमाउंट (नवीन आवृत्तीत अनमाउंट) करायला विसरू नका, तोपर्यंत ते उघडंच आहे.

मॅकवाल्यांना वेगळं काही डाउनलोड करायची गरज नाही. डिस्क युटिलिटी उघडा, फाइल मेनूतून न्यू इमेज, इमेज फ्रॉम फोल्डर, फोल्डर निवडा, एन्क्रिप्शन २५६-बिट, पासवर्ड, आणि फॉरमॅट रीड/राइट. पुढे त्यात भर पडणार असेल तर ब्लँक इमेज घेऊन साइज आधीच मोठी द्या. उघडताना पासवर्ड कीचेनमध्ये (मॅक पासवर्ड साठवतो ती जागा) लक्षात ठेवू का असं विचारतं, तिथे टिक करू नका, नाहीतर पुढच्या वेळी न विचारताच उघडेल. मूळ फोल्डर इथेही नंतर डिलीट करायचाच.

लिनक्सवर केडीई डेस्कटॉप असेल तर पासवर्डवाले फोल्डर बनवणारं प्लाझ्मा व्हॉल्ट आहेच, बाकीच्यांनी व्हेराक्रिप्ट घ्या.

आणि यातल्या कशालाच फरगॉट पासवर्ड नाही, ओटीपी येत नाही, विसरलात तर डेटा गेलाच समजा. म्हणून पासवर्ड लांब ठेवा आणि कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा, कॉम्प्युटरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नको.