तार गिळलेली म्हैस कोल्हापुरातून शिरवळला नेताना

फुगीचं औषध पाजलं की पोट उतरतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ढोलासारखं होतं. दूध निम्म्यावर आलंय. शेण थोडं, काळपट, चिकट पडतंय. म्हैस शेवटच्या महिन्यांतली गाभण आहे किंवा नुकती व्यालेली. अशा वेळी चौथी बाटली उघडण्याआधी पोटात तार, खिळा किंवा सुई असल्याची शंका घ्यायची.

म्हैस वैरण ओठांनी निवडत नाही. जिभेनं ओढते, गिळते आणि चावायचं काम रवंथावर सोडते. जड धातू मग जाळीच्या पोटात जाऊन बसतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घरांचं हे पोट दर मिनिटाला साधारण एकदा आवळतं आणि प्रत्येक आवळण्यासरशी तारेचं टोक पुढे रेटलं जातं. पुढे पोट आणि छाती वेगळं करणारा पडदा, त्यापलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. टोक हृदयाच्या पिशवीत गेलं तर तिथे पू होतो. पडदा फाटला तर जाळीचं पोटच छातीत शिरतं. पडदा फाटण्याचा प्रकार गायींपेक्षा म्हशींत बराच जास्त दिसतो. पोटात वासराचा भार असताना किंवा विताना जोर लागतो तेव्हा तर जास्तच.

आपल्याकडे तार येते कुठून? शेजारच्या बांधकामाची बाइंडिंग तार, शेकोटीत जळलेल्या टायरच्या तारा, पेंडीच्या पोत्यातली सुई. सगळ्यांत वाईट वैरणीचे तुकडे करणारं कुट्टी मशीन. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढीत हातभर तार असली तर ती डोळ्याला दिसते. तीच मशीनमधून गेली की दोन-दोन इंचांचे टोकदार तुकडे होतात आणि कुट्टीत कुणाच्या बापाला दिसत नाहीत.

गोठ्यात काय बघायचं

थर्मामीटर गुदद्वारात दोन मिनिटं, आतल्या भिंतीला टेकवून. १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास ठीक. १०३ च्या वर असेल तर आकडा आणि वेळ लिहून ठेवा. डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धरा: दोन मिनिटांत दोन-तीन वेळा मूठ बाहेर ढकलली गेली पाहिजे. पाठीवर खांद्यामागे चिमटा घेऊन दाबलं की निरोगी जनावर पाठ खाली वाकवतं. दुखत असेल तर वाकवत नाही, कण्हतं. कोपरं अंगापासून बाहेर काढून उभी राहते का, उताराला पाय टाकायला कचरते का, तेही बघा.

काठीची तपासणी जुनी पण कामाची. छातीचं हाड संपतं तिथे पोटाखालून जाड काठी घालायची, दोघांनी दोन टोकं धरून सावकाश उचलायची आणि एकदम सोडायची. तिसऱ्यानं गळ्याशी कान लावायचा. सोडताना कण्ह आली तर संशय बळावतो. शेवटच्या महिन्यातल्या गाभण म्हशीवर हा प्रयोग नको.

ही सगळी टिपणं एका कागदावर तारखेनिशी उतरवा. खाली आजवर टोचलेल्या आणि पाजलेल्या औषधांची नावं, मात्रा आणि वेळ लिहा. रिकाम्या बाटल्या पिशवीत ठेवा. दवाखान्यात "कुठलंतरी पिवळं इंजेक्शन" याचा उपयोग शून्य. वेदनाशामक किंवा स्टिरॉइड आदल्या रात्री दिलं असेल तर ताप आणि कण्ह दोन्ही झाकली जातात आणि तपासणारा फसतो.

तेल पाजायचं झालं तर डोकं वर ओढून नळीनं ओतू नका. ते फुप्फुसात गेलं तर मूळ दुखण्याआधी न्यूमोनियाच जीव घेतो. लोहचुंबक मात्र सुरुवातीच्या दिवसांत उपयोगी. बोटाएवढं, सात-आठ सेंटिमीटरचं चुंबक डॉक्टर घशात सोडतात, ते जाळीत जाऊन सुटी तार धरून ठेवतं. टोक आधीच भिंतीपार गेलं असेल तर चुंबक ते परत ओढत नाही आणि तांबं, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक यांना तर हातही लावत नाही. आधी चुंबक दिलंय की नाही हे आठवत नसेल तर छातीमागे खालच्या बाजूला होकायंत्र धरा. सुई फिरली तर चुंबक आत आहे. दुसरं देऊ नका.

कुणाला विचारून निघायचं

आधी तालुक्याचे डॉक्टर किंवा दूध संघाचे डॉक्टर. फिरतं पथक हवं असेल तर १९६२ हा शुल्कमुक्त क्रमांक. त्यांच्याकडून रेफर चिठ्ठी आणि प्रवासाला जनावर योग्य असल्याचा दाखला घ्या. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक दोन्ही कागदांवर असू द्या. बिल्ला नसेल तर आधी मारून घ्या, वाटेत अडवलं तर पहिला प्रश्न तोच येतो.

कोल्हापूर शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही. जवळचं मोठं शिक्षण-रुग्णालय सातारा जिल्ह्यात शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं. महाविद्यालय १९८८ चं, आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. महामार्गानं सुमारे १८० किलोमीटर. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, पण आजारी म्हशीला शिरवळच्या दुप्पट अंतर फरफटत नेण्यात अर्थ नाही. निघण्याआधी शिरवळला फोन करून शल्यचिकित्सा विभागाचे लोक त्या दिवशी आहेत का, क्ष-किरण यंत्र चालू आहे का, जनावर मुक्कामाला ठेवता येईल का, हे विचारा.

इथे एक कडू गोष्ट. पुढच्या पायांमध्ये छातीखाली पाण्याची सूज आली असेल, मानेची शीर दोरखंडासारखी भरून दिसत असेल, तर हृदयाच्या पिशवीत पू झाल्याची दाट शक्यता असते. अशा म्हशी शस्त्रक्रियेनंतर क्वचितच सावरतात. उठता येत नसेल तर गाडीच आणू नका. फोनवर लक्षणं सांगा आणि "आणण्यात काही राम आहे का?" असं सरळ विचारा. चांगला डॉक्टर सरळ उत्तर देतो.

गाडी आणि वाट

पिकअप घ्या. तळाला आधी वाळू, वर पाचट किंवा भाताचं पिंजर, मिळून अर्धा फूट; नुसत्या पत्र्यावर पहिल्याच ब्रेकला पाय घसरतात. पुढच्या पायांखाली पाचटाचा थर चार-सहा बोटं जास्त द्या. पुढचं अंग उंच राहिलं की पोटातला भार मागे सरकतो आणि पडदा फाटलेल्या म्हशीला श्वास घ्यायला जागा मिळते. चढवताना पाठीला काठी लावायची नाही. रस्त्याकडेचा बांध किंवा मातीचा ढीग बघून गाडी मागे लावा, फळीचा उतार निम्मा होतो. तोंड केबिनकडे, दावं एवढंच लांब की मान खाली नेता येईल, पण दाव्यावरून पाय पलीकडे पडणार नाही.

पहाटे चारला धार काढून निघा. वैरण आदल्या संध्याकाळपासून बंद. पाणी बंद करू नका, कऱ्हाडजवळ थांबून बादलीभर दाखवा. पहिल्या दिवशी बहुधा तपासणीच होते. शस्त्रक्रियेआधीचा उपास किती, तो तिथले सर्जन सांगतील. गाभण म्हशीला तो आपल्या मनानं लांबवू नका.

तालुक्यात रक्त काढलं असेल तर जांभळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरून आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीपालटी केलेली असावी, नाहीतर आत गुठळी होते. बर्फाला थेट टेकवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि पांढऱ्या पेशींची मोजणी बाद होते. नेमकी तीच इथे हवी असते.

दवाखान्यात

शिक्षण-रुग्णालयात म्हशीला एकामागून एक विद्यार्थी हात लावतील, तेच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतील. वैतागू नका, तुमचा कागद पुढे करा. क्ष-किरणात धातू दिसला म्हणजे गुन्हेगार सापडला असं नाही. धडधाकट म्हशींच्या जाळीतही सुटे खिळे असतात. म्हणून सोनोग्राफीत जाळी हलते का, ती छातीत शिरलीय का आणि हृदयाभोवती पाणी आहे का, ते बघतात.

पोट उघडायचं ठरलं तर म्हैस उभीच असते. डाव्या कुशीला भूल टोचतात, वीतभर चीर देऊन पोट रिकामं करतात आणि सर्जन खांद्यापर्यंत हात आत घालून जाळीचं एकेक घर बोटानं चाचपतात. पडदा फाटलेला सापडला तर एक-दोन दिवसांनी दुसरी शस्त्रक्रिया होते: पूर्ण भूल, म्हैस पाठीवर, छातीच्या हाडामागून चीर. म्हणजे मुक्काम आठवड्याचा धरा. घरचा एक माणूस सोबत ठेवा. अनोळखी हातून म्हैस पाणी पीत नाही.

संमतीपत्र वाचून सही करा. उपचाराची संमती वेगळी, अभ्यासासाठी जादा नमुना किंवा फोटो देण्याची वेगळी. दुसरीला नाही म्हटल्यानं पहिलं अडत नाही. खर्च दोन शस्त्रक्रियांचा धरून विचारा, एकीचा नको.

परत आल्यावर

रवंथ थांबलेला असेल तर निरोगी म्हशीच्या पोटातला रस तीन-पाच लिटर, कापडातून गाळून कोमट असतानाच, डॉक्टरांकरवी नळीनं पाजून घ्या. थंड झाला की त्यातले जीव मरतात. कोवळी हिरवी वैरण थोडी थोडी, पेंड आठवडाभर नको. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर जखमेवर माशी बसू द्यायची नाही, एका रात्रीत अळ्या पडतात. प्रतिजैविकाच्या प्रत्येक इंजेक्शनचं दूध किती दिवस टाकायचं ते चिठ्ठीवर लिहून घ्या. ते दूध संघाच्या कॅनमध्ये नाही आणि रेडकालाही नाही.

निघताना काढलेला धातू मागून घ्या आणि घरी नीट बघा. दोन्ही टोकं सारखी कापलेली असतील तर कुट्टी मशीनचं काम. मशीनच्या तोंडाशी लाउडस्पीकरचं जुनं चुंबक बांधा आणि रोज पुसा. काळी, ठिसूळ, स्प्रिंगसारखी वळलेली तार टायरची. गव्हाणीशेजारच्या शेकोटीची राख चाळून बघा, तिची भावंडं तिथेच असतील.