स्क्रोलबरोबर चढणारं पाणी : पानशेतच्या पुराचं वेबपान

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. स्क्रोलवर सांगायला ही गोष्ट चांगली, कारण बोटाखालचा मजकूर वर सरकतो तसंच पाणीही वर चढतं. तेवढी एकच हालचाल ठेवा. फोटो डावीकडून, तारीख उजवीकडून, मथळा गरगर फिरत, असं केलं की लग्नाचा अल्बम होतो.

मांडणी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत लिहायची. बाहेरच्या डिव्हला (पानावरच्या चौकटीला) ४०० व्हीएच उंची द्या; १०० व्हीएच म्हणजे एक पूर्ण पडदा. आत जुन्या फोटोचा थर : पोझिशन स्टिकी (स्क्रोल करताना जागेवर चिकटून राहणारा), टॉप शून्य, उंची १०० एसव्हीएच (अ‍ॅड्रेस बार उघडा असताना उरतो तेवढा पडदा). इथे व्हीएच नको. मोबाइलवर अ‍ॅड्रेस बार उघडा असताना फोटोचा तळ कापला जातो, आणि आपलं पाणी तर तळातूनच येतं. फोटोवरून मजकुराचे चार तुकडे सरकू द्या, प्रत्येकी दोन-तीन वाक्यं, मागे गडद पट्टी. थर चिकटतच नसेल तर वरच्या एखाद्या डिव्हला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारा भाग लपवणारी सूचना) आहे का बघा. बहुतेकदा तेच निघतं. तिथे हिडनऐवजी क्लिप लिहा.

पाणी म्हणजे अर्धपारदर्शक निळा थर. त्याची उंची बदलत नेऊ नका. प्रत्येक फ्रेमला ब्राउझर लेआउट नव्याने मोजतो आणि स्वस्त फोन अडखळतो. त्याऐवजी थर आहे तसा वर सरकवा : ट्रान्सलेट-वाय (उभी सरक) १००% वरून ३५% वर आणा. बाहेरच्या डिव्हला व्ह्यू-टाइमलाइनचं (अ‍ॅनिमेशन घड्याळाऐवजी स्क्रोलवर चालवणारी सोय) नाव द्या, तेच पाण्याच्या अ‍ॅनिमेशन-टाइमलाइनला जोडा, रेंज कंटेन ०% ते कंटेन १००%, म्हणजे फोटो चिकटल्यापासून सुटेपर्यंत. गती लिनिअर ठेवा, नाहीतर बोट एकीकडे आणि पाणी दुसरीकडे. टाइमलाइनची ओळ अ‍ॅनिमेशनच्या शॉर्टहँडनंतरच (सगळ्या सूचना एकत्र लिहिणाऱ्या ओळीनंतरच) लिहा. आधी लिहिली तर शॉर्टहँड ती पुसून टाकतो आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो तिथे, एरर दिसत नाही.

क्रोममध्ये हे आवृत्ती ११५ पासून चालतं. ज्या ब्राउझरला समजत नाही, तिथे इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर (तुकडा पडद्यावर कुठे आला हे पाहणारी जावास्क्रिप्टची सोय) : रूटमार्जिन (पाहण्याच्या क्षेत्राची कड) वर-खाली उणे ५०%, तुकडा मध्यावर आला की क्लास (शैलीचं नाव) बदला. पाणी टप्प्याटप्प्याने चढेल. गोष्ट बिघडत नाही.

ज्यांनी फोनमध्ये रिड्यूस्ड मोशन (हालचाल कमी करण्याची सेटिंग) लावलंय त्यांना पाणी चढलेला स्थिर फोटो आणि खाली सरळ मजकूर. हलत्या पडद्याने काहींना खरंच गरगरतं. स्क्रोलचा वेग मात्र कुणाचाच ताब्यात घेऊ नका.

पातळीची खात्रीची नोंद हाताशी नसेल तर कडेला फुटांची पट्टी काढू नका. चाचणी डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरच्या तपासणीच्या साधनांत) सीपीयू चार पट मंद करून घ्या, मग साध्या फोनवर, भर उन्हात पीएमपी बसच्या स्टॉपवर. निळा थर तिथे दिसलाच नाही तर गडद करा.