घरातल्या कुंड्यांना पाणी कधी आणि किती?

"रोज सकाळी एक ग्लास" हा हिशोब आधी डोक्यातून काढा. घरातली झाडं उन्हाळ्यात सुकून मरतात त्यापेक्षा जास्त पावसाळ्यात सडून मरतात असं माझं ठाम मत आहे, कारण जुलैत हवा दमट, ऊन नाही, माती आठ-आठ दिवस वाळत नाही आणि आपण मात्र सवयीने ओततच असतो.

बोट घाला मातीत, दोन पेरं आत. ओलं लागलं, माती चिकटली तर आज सुट्टी. वरून बघून काही कळत नाही, खास करून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर, ते वर कोरडं दिसतं आणि खाली चिंब असतं. कुंडी हलकी असेल तर उचलून बघा, थोड्या दिवसांत हाताला वजनावरूनच कळायला लागतं. मनी प्लांटला दोन पेरं वाळलं की पुरे, पण स्नेक प्लांट आणि झीझी (ZZ प्लांट) यांची माती तळापर्यंत वाळू द्या, त्यांना पावसाळ्यात महिनाभर विसरलात तरी चालतं. पीस लिली उलट, तहान लागली की सगळी पानं टाकून बसते नि पाणी मिळालं की काही तासांत परत ताठ, नाटकी आहे जरा.

द्यायचं तेव्हा मात्र चमचा चमचा नको, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या, आणि ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका, नाहीतर मुळं कुजतात आणि डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. कोकोपीट एकदम कोरडं झालं असेल तर पाणी कडेने निघून जातं, झाड तहानलेलंच राहतं, मग कुंडी बादलीत वीस मिनिटं बुडवून ठेवा. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा लवकर वाळते हेही धरा.

पानं मलूल दिसली की लगेच तांब्या उचलू नका!! माती ओली असून झाड लुळं पडलंय म्हणजे मुळांना हवा मिळत नाहीये, खालची पानं पिवळी मऊ पडतात, मातीवर चिलटं उडतात. कडा करपून कुरकुरीत झाल्या आणि मातीही कोरडी असेल तर मात्र तहान.

गणपतीला गावी जाताना भरपूर ओतून निघू नका, नेहमीएवढंच द्या आणि कुंड्या खिडकीपासून थोड्या आत सरकवा, पाच-सहा दिवस आरामात निघतात.