छातीचा सीटी स्कॅन काढताय? आधी हे वाचा

न्यूमोनिया म्हटलं की बाहेर थांबलेले पाहुणे पहिलं विचारणार, स्कोर, म्हणजे फुफ्फुस किती खराब झालंय त्याचा आकडा, किती आला? कोविडपासून कोल्हापुरात ही सवयच लागलीय. मी सीटी मशीनवर टेक्निशियन आहे, माझं म्हणणं एवढंच की स्कोर सगळ्यात शेवटी बघा.

आत जायच्या आधी बंडीच्या आतल्या खिशातली चिल्लर, गळ्यातला ताईत, सगळं काढायचं, नाहीतर धातूच्या पांढऱ्या रेघा येतात. मग श्वास, हे लई महत्त्वाचं. छाती पूर्ण भरून घ्यायचा आणि पाच-दहा सेकंद धरायचा, बाहेर बाकड्यावरच दोन-तीनदा सराव करून घ्या, कारण टेबलवर गेल्यावर मामा बरोबर निम्म्यात खोकतात. अर्धवट श्वासात चांगलं फुफ्फुस पण करडं दिसतं, आणि नसलेला आजार दिसायला लागतो. साध्या एचआरसीटीला, म्हणजे फुफ्फुसाच्या बारीक तपशिलाच्या सीटीला, कॉन्ट्रास्टचं (रक्तवाहिन्या उठून दिसायच्या औषधाचं) इंजेक्शन लागत नाही, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळीचा संशय असेल तर लागतं.

फिल्मवर पेशंटची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला असते. पावसाळ्यात पन्हाळ्याला गेलाय का? धुक्यातनं झाडं पुसट का होईना दिसतात, तशा करड्या भागातनं रक्तवाहिन्या दिसल्या की तो ग्राउंड ग्लास. आणि धुकं एवढं दाट की झाडच दिसेना, पांढरंफटक, त्यात फक्त श्वासनळ्यांच्या काळ्या फांद्या, ते कन्सॉलिडेशन. पाठीच्या कडेला पातळ करडी पट्टी असली तर लगेच घाबरू नका, उताणं झोपल्यानं पण येते. शंका असली तर पालथं झोपवून परत काढतात, पट्टी गेली तर विषय संपला.

आता स्कोर. फुफ्फुसाचे उजवीकडं तीन, डावीकडं दोन असे पाच लोब, म्हणजे भाग. लोब ५ टक्क्यांच्या आत खराब असेल तर १, २५ पर्यंत २, ५० पर्यंत ३, ७५ पर्यंत ४, त्याच्यावर ५, सगळे मिळून २५ पैकी. पण ही मोजणी कोविडसाठी गाजली. बॅक्टेरियाच्या न्यूमोनियात एकच लोब अख्खा पांढरा, स्कोर म्हणाल तर ५, आणि माणूस धापा टाकतोय. उलट कोविडमध्ये पहिल्या दोन दिवसात स्कॅन कोरा पण येऊ शकतो. म्हणून फॉर्मवर ताप कधी सुरू झाला ती तारीख आणि ऑक्सिजन किती ते लिहून द्याच. बाई गरोदर असेल तर ते आधी सांगा.

आणि जुनी फिल्म असेल तर आणा, पण गुंडाळी करून रबर लावून नको, सपाट आणा.