हेलिकॉप्टर ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी

मी परभणी जिल्ह्यातला, आर्मीच्या इन्फन्ट्रीत म्हणजे पायदळात होतो, आता रिटायर होऊन गावीच असतो. सकाळी रोडवर पळणारी पोरं भेटली की हमखास विचारतात, काका हेलिकॉप्टरमधून उतरायला मिळतं का? मिळतं की. पण मोबाइलवर दोरीवरून सरसर उतरणारे जवान दिसतात तेवढंच ट्रेनिंग नसतं, जवानाचं हेलिकॉप्टरचं बरंचसं शिक्षण जमिनीवरच होतं आणि जीव वाचवतं ते तेच.

आधी रस्ता समजून घ्या. उडवायचं असेल तर ऑफिसर व्हावं लागतं, अग्निवीर म्हणून गेलं की सरळ पायलट होता येत नाही. दहावीला असाल तर संभाजीनगरच्या एसपीआयची (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) माहिती आत्ताच काढा, १९७७ पासून ती संस्था एनडीएसाठी, म्हणजे ऑफिसर घडवणाऱ्या अकॅडमीसाठी पोरं तयार करतीय, पोरींसाठी आता नाशिकला वेगळी आहे. आर्मी एव्हिएशन कोर १९८६ ला उभी राहिली आणि तिचं पायलट ट्रेनिंगचं स्कूलपण नाशिक रोडलाच आहे, म्हणजे देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलं की थेट तिथं. आणि इन्फन्ट्रीत गेलात तर हेलिकॉप्टरमधून लढाईला जाणारे तुम्ही.

तिथं पहिल्यांदा शिकवतात चालायचं कसं. पंखा फिरत असताना जायचं ते समोरून किंवा बाजूनं, पायलटला दिसेल असं, आणि इशारा मिळाल्यावरच. शेपटीकडं कधीच नाही, मागचा छोटा पंखा जोरात फिरताना डोळ्याला दिसतच नाही. डोकं खाली, टोपी काढलेली, रायफलची नळी आणि रेडिओचा अँटेना पण खालीच. उतार असेल तर खालच्या अंगानं चढायचं आणि उतरून खालच्याच अंगाला निघायचं, कारण वरच्या अंगाला पंखा आणि जमीन यातलं अंतर कमी होतं, हे ज्याला पाठ नाही त्याला मी तरी सोबत नेणार नाही. एमआय-१७ सारख्या मोठ्या मशीनला मागून चढउतार असते, पण ती क्रू सांगेल तशीच. आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, सगळं हाताच्या इशाऱ्यावर.

एका खेपेला जाणाऱ्या जवानांच्या टोळीला स्टिक म्हणतात. कोण कुठं बसणार, आधी कोण उतरणार, उतरून कोणत्या दिशेला पोझिशन घेणार हे जमिनीवर परत परत घोकून घेतात, कंटाळा येतो पण घोकायचं, कारण उतरताना धूळ अशी उठते की पुढचा माणूस दिसत नाही.

दोरीवरून उतरायला स्लिदरिंग म्हणतात. आधी टॉवरवरून, मग मशीनमधून. जाड हातमोजे लागतातच, नाहीतर तळहात सोलून निघतो. खाली पाय टेकले की दोरी सोडून लगेच बाजूला व्हायचं, वरून दुसरा येतच असतो.

अजून एक गोष्ट आपल्याकडच्या उन्हामुळं तुम्हाला लवकर कळेल. हवा तापली की विरळ होते, पंख्याला उचल कमी मिळते, म्हणून मे महिन्याच्या दुपारी तेच मशीन सकाळपेक्षा कमी वजन उचलतं. सियाचीनला थंडी असली तरी उंचीमुळं हवा विरळच, तिथं चीता या छोट्या हेलिकॉप्टरला किलोकिलोचा हिशोब लागतो. त्यामुळं पिट्ठूचं, म्हणजे पाठीवरच्या सामानाच्या पिशवीचं वजन विचारलं की खरं सांगायचं, अंदाजे ठोकून द्यायचं नाही.

गावातल्या लोकांनापण एक सांगून ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात परंड्याकडं पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, अशी वेळ कुठंही येऊ शकते. वरून हूक खाली आला की झेपावून धरायचा नाही, त्यात स्टॅटिक करंट असतो, आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्यायचा. आणि पत्रे, ताडपत्र्या, मोकळी कापडं आधीच बाजूला करायची.

तयारीचं म्हणाल तर १६०० मीटर सगळेच पळतात, पण पुलअप्सकडं पोरं लक्ष देत नाहीत. १० मारले की पूर्ण ४० मार्क, आणि पुढं दोरीवर तीच पकड कामाला येते. गावात बार नसेल तर मजबूत फांदी बघा आणि रोज लटका.