मामा आणि शिकाऊ एकाच शिफ्टमध्ये : सुपरवायझरांनो, या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीत मशीन शॉप सांभाळताना मी अनेक नवे सुपरवायझर पाहिले. जन्मसालावरून माणसाचा स्वभाव ठरवणारा एखादा तक्ता कुठल्यातरी शिबिरातून आणायचा आणि पहिल्याच आठवड्यात सगळी शिफ्ट त्यात बसवायची, ही घाई त्यांच्यापैकी बहुतेकांना असते. तो तक्ता कपाटात ठेवावा आणि महिनाभर नुसते मशीनजवळ उभे राहावे, एवढेच मी त्यांना सांगतो, ऐकतात थोडेच.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ज्येष्ठाला चारचौघांत कनिष्ठाचा विद्यार्थी करणे. ती मी स्वतः केलेली आहे. एका कारखान्यात नवे सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारा लेथ, आले, तेव्हा जुन्या सीएनसीवर बारा वर्षे काढलेल्या एका मामांना, म्हणजे ज्येष्ठ कामगाराला, डिप्लोमा झालेला चोवीस वर्षांचा मुलगा प्रोग्रॅमिंग शिकवेल, असे मी सकाळच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर जाहीर केले. मामांनी मान डोलावली आणि त्यानंतर ते कामापुरतेच बोलू लागले. डिसेंबर उजाडला तसे फर्स्ट शिफ्टचे सुरुवातीचे नग रिजेक्ट होऊ लागले. ४० मिलिमीटरच्या एच-७ बोअरला (ठरावीक अचूकतेच्या भोकाला) सूट असते अवघ्या २५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाची. मुलगा गार मशीनवर ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) जुळवायचा, आणि स्पिंडल व बॉलस्क्रू हे मशीनचे फिरणारे भाग तापले की तोच ऑफसेट चुकायचा. मुलाचा प्रोग्रॅम बिनचूक होता, त्यामुळे दोष सापडेना. थंडीत पहिला नग लावण्यापूर्वी मशीन वीस मिनिटे रिकामे फिरवायचे, ही नोंद मामांच्या खिशातल्या डायरीत होती. आधी का सांगितले नाही, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, शिकायला मला बसवलं होतं ना?”

तेव्हापासून मी अशी जोडी एकाच मशीनवर, कोणताही गाजावाजा न करता लावतो : प्रोग्रॅम तरुणाने भरायचा, पहिला नग पास करण्याची सही ज्येष्ठाची, आणि डायरीतली युक्ती सेटअप शीटवर (मशीन लावण्याच्या सूचनांच्या कागदावर) चढली की तिच्याखाली सांगणाऱ्याचे नाव लिहायचे.

सर्वांना एकच बक्षीस देणे हीदेखील चूकच आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होणाऱ्या पेन्शनची चिंता लागलेल्या माणसाला पीएफच्या कागदांत मदत हवी असते, तर लेथवर दोन वर्षे काढलेल्या मुलाला व्हीएमसीवर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) हात बसवायचा असतो. दिवाळीचे चांदीचे नाणे दोघेही घरी नेऊन विसरतात.

शिफ्टबदल केवळ व्हॉट्सॲपवर कळवू नये. फलकावर लिहावा आणि तोंडीही सांगावा.

राहिला प्रश्न शिकाऊ उमेदवारांचा. १९६१च्या कायद्याने ते प्रशिक्षणार्थी आहेत, कामगार नव्हेत. तरीही त्यांना गैरहजर माणसाच्या जागी उभे करून वर ‘आजकालच्या पोरांना कामाची आवड नाही’ म्हणणारे सुपरवायझर मला दर वर्षी भेटतात. अशा सुपरवायझरला मी त्या मुलाने आठवडाभरात काय शिकले, ते लिहून आणायला सांगतो. बहुतेक वेळा कागद कोराच येतो.