चार-पाच सुरांत अख्खी रचना कशी करायची

मिनिमल संगीत म्हणजे एक लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा) घ्यायचा आणि कॉपी-पेस्ट करत सुटायचं असं समजून बरेच जण सुरुवात करतात, आणि दोन मिनिटांत स्वतःच कंटाळतात. खरं काम आहे ते लूप कसा बदलत जाणार याचा नियम ठरवण्याचं. नियम एकच ठेवा आणि तो ऐकणाऱ्याच्या कानाला कळू द्या.

सगळ्यात आधी फेझिंग करून बघा, म्हणजे दोघांनी एकच पॅटर्न वाजवायचा आणि एकानं हळूहळू पुढे सरकायचं, कारण त्याला वाद्यसुद्धा लागत नाही. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइखचं १९७२ चं 'क्लॅपिंग म्युझिक' नुसत्या टाळ्यांचं आहे. पॅटर्न १२ मात्रांचा, त्यात टाळ्या ८: तीन टाळ्या, गॅप, दोन टाळ्या, गॅप, एक टाळी, गॅप, दोन टाळ्या, गॅप. एक जण हेच शेवटपर्यंत वाजवतो, दुसरा काही आवर्तनं झाली की एक मात्रा पुढे सरकतो, मग अजून एक, असं १२ वेळा सरकला की दोघं परत एकत्र. आता स्वतःचा पॅटर्न लिहिताना एक नक्की तपासा, तो मध्येच स्वतःशी जुळता कामा नये. म्हणजे दोन टाळ्या आणि एक गॅप असं चार वेळा लिहिलंत तर तीन मात्रा सरकल्या की सगळं पहिल्यासारखंच ऐकू येणार, म्हणजे बाराऐवजी तीनच रूपं हातात. कागदावर १२ चौकोन काढून खाली तीच ओळ सरकवून लिहा, लगेच दिसतं.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर तीन बीट्सचा, म्हणजे बारा सोळांश स्वरांचा (एका बीटमध्ये चार) लूप घ्या, एक १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट्स) आणि तोच दुसरा १२१ ला. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या प्रोजेक्टचा टेम्पो एकच असतो म्हणून दुसरा वेगळा एक्स्पोर्ट करून ऑडिओ म्हणून आणा आणि टेम्पो मॅचिंग बंद ठेवा. दर १५ सेकंदांनी एक स्वर सरकतो, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. मधे जे धूसर होतं ना, जिथे लय नेमकी कुठली तेच कळत नाही, ते दुरुस्त करायला जाऊ नका प्लीज! तिथेच तर मजा आहे, कुणीच न वाजवलेल्या सुरावटी तिथे ऐकू यायला लागतात. राइखनं १९६५ मध्ये दोन टेप रेकॉर्डरवर एकच लूप लावून हेच ऐकलं आणि १९६७ च्या 'पियानो फेझ'मध्ये ते माणसांच्या हातात दिलं, तिथे सुरुवातीच्या पॅटर्नमध्ये पाचच वेगवेगळे सूर आहेत.

दुसरी पद्धत बेरजेची. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास साठच्या दशकात पॅरिसमध्ये रविशंकरांचं संगीत स्टाफ नोटेशनमध्ये (पाश्चात्त्य स्वरलिपीत) उतरवत होता, तिथून छोटे छोटे तुकडे जोडून लय मोठी करायची कल्पना त्याच्या डोक्यात बसली. सा रे ग प चार-पाच वेळा वाजवा, मग सा रे ग प ग प, मग सा रे ग प ग प रे. मात्रा ४, ६, ७ होत जातात, वेग मात्र अजिबात हलवायचा नाही, आणि ठेक्याचा ट्रॅक खाली लावू नका, सगळा परिणाम मरतो.

आणि संथ काही हवं असेल तर एस्टोनियन संगीतकार आर्वो पेर्तची टिन्टिनाबुली ही पद्धत, १९७६ पासूनची. एक आवाज पायरीपायरीनं चालतो, दुसरा फक्त सा, ग, प यातलाच सूर घेतो, जो पहिल्याच्या लगेच खाली असेल तो. सा रे ग म चाललं की खाली मंद्र प, सा, सा, ग. रे-सा आणि म-ग हे घासतात, तेच ठेवा. मला विचाराल तर कमी मेहनतीत सगळ्यात सुंदर हेच निघतं, फक्त ग कोमल घ्या.

शेवट कसा करायचा हे पण नियमातूनच येऊ द्या. फेझिंगमध्ये दोघं एकत्र आले, एक-दोन आवर्तनं सोबत वाजवली की थांबा. बेरजेच्या रचनेत शेवटचा तुकडा झाला की तिथल्या तिथे थांबा, फेड आउट नको.